सोवळ्यातला सायलेन्सर

"भांडता का?"

उज्जैनला माधव नगरात आम्ही जागा बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. माझं लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, मी देवासची. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे बघितलं.

"अजून सुरुवात नाही," हे प्रामाणिकपणे म्हणाले.

"होईल, होईल. माझी ना नाही. पण सकाळच्या वेळी जरा हळू भांडा. मला इंजिन ऐकायचं असतं."

झालं, जागा मिळाली. कूळ विचारलं नाही, गोत्र विचारलं नाही, यांचा हुद्दासुद्धा विचारला नाही. मी बाहेर पडल्यावर यांना म्हटलं, "अहो, माणूस ठीक आहे ना डोक्याने?" हे म्हणाले, "डोक्याचं माहीत नाही, पण नळाला पाणी आहे." आणि आम्ही सामान आणलं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोहल्ल्यात बाकीचे 'मोटरवाले साब' म्हणत. धोतर, गळाबंद काळा कोट आणि डोळ्यांवर मोटर हाकायचा तो चामड्याच्या कडांचा मोठा चष्मा, असा अवतार. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा काका तिथल्या मोटरखान्यात अधिकारी. आता तुम्हाला वाटेल, मोटरींतलं सगळं कळत असणार. छे हो! उभ्या जन्मात हा माणूस गाडीखाली गेला नव्हता. गाडीखाली जायला माणसं होती, काका सही करायला होते. मग संस्थानं विलीन झाली, मोटरखाना मोडला, सरदार लोकांनी गाड्या येईल त्या भावात विकायला काढल्या. त्यांतल्या एका सरदारांनी जाता जाता एक गाडी यांच्या गळ्यात घातली. विलायती शर्यतीची गाडी. दोनच माणसं बसणार, डोक्यावर छप्पर नाही, नाक हे एवढं लांब, आणि बूड असं जमिनीला टेकलेलं की आत बसणं म्हणजे पाटावर बसणं. रंग हिरवा. गल्लीतली पोरं तिला 'मेंढक' म्हणत. काका 'छोटी' म्हणत.

शर्यतीची गाडी, पण काकांना टांगेसुद्धा मागे टाकून जात. कारण काका भोंगा वाजवत नसत. "भोंगा म्हणजे चारचौघांत दिलेली शिवी," असं त्यांचं म्हणणं. पुढे बैलगाडी आली की हे गाडी थांबवणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि अर्धवट उभे राहून विचारणार, "भाईसाहब, ज़रा रास्ता मिलेगा?" गाडीवान बिचारा अर्धा झोपेत. तो जागा होईपर्यंत फ्रीगंज बाजारातली माणसं चालत घरी पोचलेली असत. एकदा मी पिशवीत भाजी घेऊन पायी निघाले आणि काकांच्या आधी घरी आले. मी दारात उभी राहून हसले तर म्हणाले, "हसू नकोस. छोटी माझ्याहून वेगवान आहे, एवढं मला माहीत असलं की पुरे."

सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते तिच्या नाकावर दोन बोटांनी टकटक करून "उठा आता" म्हणत. एखाद्या दिवशी ती उठत नसे. आमचे हे म्हणत, लाथ घाला. काका कानांवर हात ठेवत. "लाथ मारून चालू होतं ते गाढव. मोटरीची समजूत घालायची असते." त्यांना सगळं जग इंजिनातूनच ऐकू यायचं. आमचा स्टोव्ह फुरफुरायला लागला की भिंतीपलीकडून आवाज येई, "सूनबाई, तुमचं पेट्रोल कमी येतंय!" माझी मुलगी झाली तेव्हा तिचा टाहो ऐकून शेजारणी म्हणाल्या, पोर रडवी आहे. काका म्हणाले, "कार्बुरेटर उत्तम आहे, जपा." तीच मुलगी आज साठीला आली तरी आवाज तसाच आहे. जाऊ दे.

घरात दुसरं माणूस म्हणजे आक्का, काकांची थोरली बहीण. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घर आक्काच सांभाळायच्या. आक्का बालविधवा. अंगावर लाल आलवण, केशवपन केलेलं डोकं, त्यावर घट्ट ओढलेला पदर. बोटभर उंची आणि हातभर जीभ. सोवळं कडक. माझ्या हातून चुकून त्यांच्या दोरीवरच्या लुगड्याला ओला हात लागला तर म्हणत, "लाव, लाव, अजून लाव. मला आज धुवायला काही कामच नव्हतं." पण माझं पोर तापलं तर रात्रभर मांडीवर घेऊन बसायच्या आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा सोवळ्यात. काका त्यांना घाबरत. साठीचा माणूस, पण आक्कांची हाक आली की हातातली विडी टाकून "आलो गं" म्हणत पळे.

तर गाडी घरात येऊन आठ-नऊ वर्षं झालेली, पण आक्का तिच्यात कधी बसलेल्या नव्हत्या. एक तर बैठक चामड्याची. दुसरं, आक्कांना दमा. गाडीचा सायलेन्सर कुजून चाळणी झाला होता आणि धूर मागून जायच्या ऐवजी पायाखालच्या फळ्यांतून वर येई. काकांना सवय होती. आक्का एकदा नुसत्या जवळ उभ्या राहिल्या तर दोन दिवस उशीला टेकून बसून काढले त्यांनी. त्यानंतर गाडी सुरू व्हायची वेळ झाली की त्या मागच्या अंगणात जाऊन बसत.

मग मध्य भारत राज्य मोडून मोठं मध्य प्रदेश होणार असं ठरलं, राजधानी भोपाळ. काकांचा एकुलता एक मुलगा सरकारी सचिवालयात होता, त्याला भोपाळला जायचा हुकूम आला. मुलगा गुणी हो, वाईट नव्हता. एका रविवारी आला आणि नीट समजावून म्हणाला, "बाबा, तुमची दोघांची वयं झाली. इथे कोण बघणार? माझ्याकडे चला. घर राहू दे, भाडेकरू चांगले आहेत. फक्त ती गाडी तिथे ठेवायला जागा नाही. इंदूरचा एक माणूस घ्यायला तयार आहे, दिवाळीला येऊन घेऊन जाईल."

 काका खाली बघून धोतराचा सोगा दुमडत बसले. मी वाटीभर पुरण द्यायला गेले होते, माझी तर जायची हिंमत होईना आणि थांबायचीही होईना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाल्या,

"विकायची तर विका. पण आधी मला एकदा बसवा तिच्यात."

मुलगा हसला. त्याला वाटलं थट्टाच. मग आक्कांचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. "आक्का, अगं, उघडी गाडी आहे ती. लोक बघतील."

"बघू देत की. आजवर मी समोर दिसले की लोक परत घरात जाऊन पाणी पिऊन निघायचे. आता जरा उभे राहून बघतील."

 मुलगा संध्याकाळच्या गाडीने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी छोटीला "उठा" म्हटलं नाही. मागच्या अंगणात आक्कांच्या अळूच्या वाफ्यापाशी कुदळ घेऊन उभे. म्हणाले, "आक्का, गाडीखाली जायला खड्डा लागणार. आणि सपाट जागा हीच आहे."

आक्कांनी वाफ्याकडे बघितलं. अळू त्यांचं फार लाडकं. "शेवटचं फदफदं करून घेते आज," म्हणाल्या आणि विळी आणायला आत गेल्या.

फ्रीगंजमधल्या मिस्त्रीकडे गाडी द्या, असं आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं. मिस्त्री म्हणाला होता, सांध्यात तांबं घालून देतो, आठ दिवस सोडून जा. काका ऐकेनात. "आक्कासाठी करायचंय, माझ्या हाताने करणार." मुंबईला शर्यतीच्या गाड्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथून नवा सायलेन्सर मागवला. तो आमच्या ह्यांच्याच ऑफिसात उतरला. काय ते धूड! लांबलचक, चकचकीत, शेवटाला तुतारीसारखं तोंड. आक्का लांबून बघून म्हणाल्या, "हा सायलेन्सर गाडीला लावायचा का गाडी याला लावायची?"

आणि मग सुरू झाला तमाशा. काका खड्ड्यात, धोतराचा काचा मारलेला, तोंडावर गंज. जुने नट जाम बसलेले. काकांनी घासलेट पाजलं, तिळाचं तेल पाजलं, "चल माझी शहाणी" म्हणून चुचकारलं. नट हलेना. हलला तेव्हा अर्धा तुटून हातात आला. पाइप एका माणसाने धरल्याशिवाय दुसऱ्याला बोल्ट घालता येईना, हे ड्यूटीवर, तेव्हा पदर खोचून मी उतरले खड्ड्यात. सासूबाई देवाघरी होत्या म्हणून बरं. आक्का अंगणाच्या टोकाला पाट टाकून बसलेल्या, तिथून हुकूम सोडत. "अरे, उजवीकडे वाकडा आहे!" "आक्का, तुला तिथून दिसतंय का?" "तुझं काम वाकडं असणार हे बघायला दिसायला कशाला पाहिजे?"

पाइप बसला एकदाचा. पण इंजिनाला जिथे तो जुळतो, तो सांधा बसेना. मुंबईवाल्यांचं तोंड आमच्या गाडीच्या तोंडाला जरासं थोराड. मधल्या फटीतून सगळा धूर भसाभस बाहेर. आणि ती फट नेमकी बसणाऱ्याच्या पायाखाली.

इथे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. "आपल्या वडिलांनी ग्वाल्हेरला गच्चीचे सांधे कशाने भरले होते, आक्का?"

"उडीद नि चुना. अजून थेंब गळत नाही."

"बस्स! पाणी अडतं तर धूर का अडणार नाही?"

मी म्हटलं, काका, गच्ची इंजिनासारखी तापत नाही. पण बहीणभाऊ एकदा घराण्याच्या अभिमानावर गेले की तिथे माझं कोण ऐकतं! आक्कांनी सोवळ्यात पाट्यावर उडीद वाटले, चुना कालवला, काकांनी तो लगदा सांध्यावर थापला, दोन दिवस वाळवला. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली. धूर खरंच बंद! काका खड्ड्याभोवती नाचायचेच बाकी होते. मग इंजिन तापलं. आणि अहो, काय सांगू, सबंध माधव नगरात उडदाच्या वड्यांचा वास सुटला. साजूक, खमंग, श्राद्धाला तळतात तसा. समोरची शेजारीण खिडकीत. गल्लीतले गुरुजी सायकलवरून चालले होते, ते फाटकाशी उतरले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आज कोणाची तिथी? मला सांगितलं नाहीत ते?"

आक्का हसायला लागल्या. पाटावर बसून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यात फाट्कन आवाज होऊन सगळा लगदा तडकला, खाली पडला आणि करपलेल्या उडदाचा काळा धूर थेट अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

तो दम्याचा झटका मी विसरणार नाही. ओठ निळे पडले होते. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. जाताना काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "साब, बहनजी को धुएँ के पास भी मत जाने देना। अगली बार मैं जिम्मेदार नहीं।"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघते तो काका एकटेच खड्ड्यात बसलेले. हातात पाना, पण काम काही नाही. मी काठावर बसले. म्हटलं, "काका, राहू दे आता. आक्का समजून घेतील."

"ती घेईल गं," काका म्हणाले. "ती आयुष्यभर समजूनच घेत आली."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. वडील म्हणाले, पळत जा, न्हाव्याला बोलावून आण. मला वाटलं कोणाची मुंज आहे. मुंज म्हणजे लाडू. मी असा धावत गेलो, तो जेवत होता, त्याला जेवू दिलं नाही, हात धरून ओढत आणला. घरी आलो तर आक्काला पाटावर बसवलेलं. ह्या इथपर्यंत केस होते तिचे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'दमलास का रे?'"

मी काठावरून उतरून खड्ड्यात त्यांच्याजवळ बसले.  

"ती कधी एक शब्द बोलली नाही मला. सगळ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही. हे पहिलं." काकांनी पाना खाली ठेवला. "आणि मला एक सांधा बुजवता येत नाही."

त्या दुपारी मला त्यांचा इतका जिव्हाळा वाटला की सख्ख्या वडिलांचाही तेवढा वाटला नसेल.

आक्का आत पडून हे ऐकत होत्या की काय, देव जाणे. संध्याकाळी भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. हातात त्यांचं पूजेचं ताम्हण. सासरहून परत आल्या तेव्हा सोबत आलेलं तेवढंच एक भांडं; रोज चिंचेने घासून लखलखीत. त्याला मला कधी बोट लावू दिलं नव्हतं.

"मिस्त्री काय म्हणाला होता? सांध्यात तांबं घालतात ना?"

काका चपापले. "आक्का, ते देवाचं आहे."

"देवांना वाटी चालेल."

"अगं, पण मोटरीच्या बुडाखाली..."

"तू बोलू नकोस. उडदाच्या वेळी फार बोलला होतास."

शहरात पटणी बाजाराकडे एक तांबट होता. त्याने आधी ते कापायला साफ नकार दिला, म्हणाला, "माताजी की पूजा का है, पाप लगेगा।" काकांनी त्याला कसं पटवलं, कोण जाणे. पण त्याने ताम्हण तापवून मऊ केलं आणि सांध्याच्या मापाची कडी कापून दिली. मी पाइप धरला, काकांनी कडी मध्ये बसवली, एकेक नट आवळला. प्रत्येक नटाला देवाचं नाव. गाडी सुरू केली. तापू दिली. सांध्यापाशी धरायला काकांनी माझ्या हातात निरांजन दिलं. ज्योत हलली नाही. मी खड्ड्यातून ओरडले, "काका, धूर नाही!" आणि वर बघते तो काका दोन्ही हात जोडून उभे.

आवाज मात्र बदलला होता. पूर्वी छोटी खोकायची, आता अशी घुमायची की खिडक्यांची तावदानं थरथरत. भोंग्याला शिवी म्हणणारा माणूस, पण त्या आवाजाला एकदाही "जरा मोठा आहे" म्हणाले नाहीत.

धनत्रयोदशीच्या सकाळी निघायचं ठरलं. मुलगा आदल्या दिवशीच आला होता, इंदूरचा माणूस दुपारी यायचा होता. मुलगा तोंड पाडून फाटकाशी उभा. गल्लीत सगळे जमलेले, गुरुजीसुद्धा. आक्का न्हाऊन, धुतलेलं आलवण नेसून आल्या. चामड्याच्या बैठकीवर त्यांनी आपली सोवळ्याची धाबळी घडी घालून अंथरली. लोकरीला विटाळ नसतो, हा शास्त्रार्थ त्यांनी आधीच गुरुजींकडून वदवून घेतला होता. मग पदर दोनदा गुंडाळून कपाळावर ओढला आणि बसल्या. समोरच्या काचेतून त्यांचं अर्धंच डोकं दिसत होतं.

"खोकला आला तर हात दाब माझा," काका म्हणाले.

"तू पुढे बघ," आक्का म्हणाल्या.

गेले. नानाखेड्याच्या बाजूला तेव्हा नुसती शेतं होती, सरळ मोकळा रस्ता. तिकडे आवाज लांब लांब जात राहिला आणि विरला. आम्ही उभेच. मुलगा सारखा घड्याळ बघे. माझा जीव तर असा टांगणीला लागलेला, की सांधा सुटला तर, धूर आला तर. मी मनात देवांना म्हणत होते, वाटीत ठेवलं म्हणून रागावू नका.

मग आवाज आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि वळल्याबरोबर थांबली. आणि मी पाहिलं. वाऱ्याने आक्कांचा पदर उडून पार खांद्यावर पडला होता. डोकं उघडं. सबंध मोहल्ल्यासमोर, कोवळ्या उन्हात, ते पांढरे खुंट फुटलेलं डोकं. कोणी बाई "अगं बाई" म्हणाली. काकांनी चष्मा वर केला आणि आपल्याच डोक्यावर हात फिरवून आक्कांना खुणावलं. त्यांना सावरायला वेळ द्यावा म्हणूनच थांबले होते ते. आक्का त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलल्या. इंजिन एवढं घुमत होतं की आम्हाला शब्द कळला नाही. काकांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग गाडी आली, आमच्या समोरून, फाटकावरून, मुलाने पुढे केलेल्या हातासमोरून, न थांबता देवास रोडकडे निघून गेली. आक्का ताठ बसलेल्या, डोळे मिटलेले, हनुवटी वर. पदर तसाच खाली. आणि काका गाडी हाकता हाकता हुंदके देऊन रडत होते.

त्या काय म्हणाल्या, हे काकांनी मला दुपारी सांगितलं.

"मी म्हटलं, आक्का, पदर. तर म्हणते, 'असू दे. डोक्याला वारा लागतोय रे. आणखी एक चक्कर मार.'"